आज्ञावली नावाची साहित्यकृती

‘साहित्यकृती म्हणजे काय’ हा प्रश्न मराठीच्या वर्गात दरवर्षी विचारला जातो आणि मम्मटापासून मर्ढेकरांपर्यंत अनेकांच्या साक्षी काढून त्याचे उत्तर दिले जाते. आम्ही दोघे, एक साताऱ्यात आणि एक सांगलीत, गेली कित्येक वर्षे हेच करीत आलो आहोत. या साक्षीदारांत एकाचे नाव आम्ही कधी घेतले नव्हते, कारण तो साक्षीदार आम्हांला ठाऊकच नव्हता. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७, कलम २(ओ) : साहित्यकृती या संज्ञेत संगणकाच्या आज्ञावल्या, तक्ते, संकलने आणि संगणकीय विदासंच यांचा समावेश होतो. १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावली साहित्याच्या दालनात आली. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून अमलात आली आणि तिने ‘आज्ञावली’ची स्वतंत्र व्याख्या दिली. तेव्हा कायद्याच्या लेखी ‘ययाती’ आणि पतसंस्थेच्या व्याजाचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर एकाच पंगतीला बसतात. लेखकाचे आयुष्य आणि पुढे साठ वर्षे, ही मुदतही दोहोंना सारखीच. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून ‘ययाती’वरील हक्क २०३६ अखेर टिकेल. आज तिशीत असलेल्या एखाद्या तरुणाची आज्ञावली पुढच्या शतकातही संरक्षित राहील. मात्र ती चालविणारा संगणक पंधरा वर्षांत भंगारात गेलेला असेल.

ही व्याख्या आम्हांला शोधावी लागली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. सांगलीत आमच्याकडे मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला हा मुलगा पुढे संगणकाकडे वळला. त्याने पतसंस्थांसाठी संपूर्ण मराठीतून चालणारे सॉफ्टवेअर तयार केले : किर्द, खतावणी, पिग्मी, मुदत ठेव, कर्जखाते, थकबाकीची यादी, सगळे मराठीत. सांगली-साताऱ्याकडच्या खेड्यांतल्या पिग्मी एजंटालाही समजेल असे मराठी त्याने त्यात वापरले होते आणि त्याचे आम्हांला कौतुक होते. काही वर्षांनी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. त्याच्याकडे काम करणारा एक जण बाहेर पडला होता आणि तेच सॉफ्टवेअर, नावातली एक वेलांटी बदलून, निम्म्या किमतीत विकत होता. “सर, नोटीस मराठीत द्यायची आहे, मसुदा तुम्ही बघाल का?” एवढेच त्याचे म्हणणे होते. मसुद्यात शुद्धलेखनापलीकडचे प्रश्न आहेत हे आमच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

पहिला प्रश्न, नक्कल झाली हे दाखवायचे कसे? नक्कल बसविलेल्या एका संस्थेच्या सचिवांनी परवानगी दिली आणि त्याने त्यांच्या संगणकावरील फाइली उघडून पाहिल्या. ‘कर्जखतावणी’ हा शब्द त्याच्या मूळ आज्ञावलीत एका जागी ‘कर्जखातवणी’ असा चुकून पडला होता. नकलेतही तो त्याच जागी तसाच होता. लीप वर्षातील २९ फेब्रुवारीची पिग्मी १ मार्चला जमा दाखविण्याची चूकही जशीच्या तशी होती. आणि कधीच वापरात न आलेला एक तुकडा, ज्याला त्याने आपल्या आजीचे नाव दिले होते, तोही आजीच्या नावासकट तिथे नांदत होता.

हे ऐकताना आम्हांला पाठचिकित्सेचा तास आठवला. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखे असले तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ कोणालाही स्वतंत्रपणे मिळू शकतो. पण दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक एकाच जागी आली, तर त्या दोहोंचे मूळ एक. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांची कुळे लावली, ती अशाच खुणांचा माग काढीत. न्यायालयेही नकलेच्या दाव्यांत समान चुकांना वजनदार पुरावा मानीत आली आहेत. ज्या विद्येला आमचे विद्यार्थी ‘याचा उपयोग काय’ असे विचारतात, तिचा उपयोग एका सॉफ्टवेअरच्या वादात व्हावा, याचे आम्हांला थोडे हसूही आले आणि बरेही वाटले. (न्यायालयात मात्र नुसते दाखवून भागत नाही. संगणकीय नोंद पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वीच्या कायद्यात हेच काम कलम ६५-ब करीत असे.)

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता. ती साहित्यकृती नेमकी कोणाची? कलम १७ म्हणते की नोकरीच्या कराराखाली, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक मालकच असतो. उलट करार नसेल तर कंत्राटावर काम करून देणारा स्वतः मालक ठरतो. आमच्या विद्यार्थ्याने त्या माणसाला दरमहा रोख पैसे दिले होते. नेमणुकीचे पत्र नाही, पगारपत्रक नाही, काही नाही. समोरचा म्हणत होता, “निम्मे मी लिहिले आहे.” खरे सांगायचे तर त्याच्या म्हणण्यात काही अंश तथ्य असावे असा आमचा समज झाला आणि तो आम्ही विद्यार्थ्याला बोलूनही दाखविला. त्याला ते आवडले नाही. लेखक-प्रकाशकांच्या भांडणांत आम्ही हेच पाहत आलो आहोत. हक्काचे हस्तांतरण लेखी असले पाहिजे, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची, असे कलम १९ सांगते. आपल्याकडे मात्र कादंबऱ्यांची हस्तलिखिते आजही शब्दावर दिली जातात आणि वाद लेखक गेल्यावर त्याच्या मुलांच्या वाट्याला येतो.

आता उपायांविषयी. ‘केस टाकतो’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पोलिस असतात. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितले. सॉफ्टवेअरसाठी कलम ६३-ब वेगळे आहे आणि ते नकलेच्या विक्रेत्यापुरते थांबत नाही, नक्कल आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यालाही लागू होते : किमान सात दिवस कैद. वापर धंद्यासाठी वा लाभासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद टाळू शकते आणि पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते.

आम्हांला हा रस्ता पसंत नाही. दोन तरुणांच्या हिशेबाच्या भांडणात अजामीनपात्र गुन्हा नोंदविणे म्हणजे डास मारायला बंदूक आणणे होय. शिवाय त्या पतसंस्थांचे सचिव आणि कारकून, ज्यांना हे सॉफ्टवेअर कोणाचे हे ठाऊकही नाही, तेही चौकशीच्या फेऱ्यात सापडतात. खरा उपाय दिवाणी आहे, आणि त्यातही मनाई हुकूम. कलम ५५ मनाई, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब असे तिन्ही उपाय देते; समोरच्याने अजाणता उल्लंघन केले असे सिद्ध केले तर भरपाई मिळत नाही, मनाई आणि नफ्याचा भाग तेवढा मिळतो. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत सॉफ्टवेअरचे आयुष्य संपते. म्हणून तात्पुरता मनाई हुकूम हाच बहुधा प्रत्यक्षातला निकाल ठरतो. प्रथमदर्शनी हक्क, दोन्ही बाजूंच्या सोयी-गैरसोयीचे पारडे, पैशाने भरून न येणारी हानी, या तीन गोष्टी न्यायालय तपासते. पुरावा पुसला जाईल अशी भीती असेल तर न्यायालय आयुक्त नेमून संगणकांची पाहणीही करविते. हे अधिकार बेताने वापरावेत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. एखाद्याच्या कार्यालयात अचानक माणसे शिरणे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे, हे त्यामागचे भान आम्हांला महत्त्वाचे वाटते.

नोंदणीविषयीही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. हक्क नोंदविल्याने जन्माला येत नाही, लिहिल्याने येतो. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. आमच्या विद्यार्थ्याने नोंदणी केली नव्हती, पण तेवढ्याने त्याचा दावा पडत नव्हता. अंतरही आता पूर्वीइतके आडवे येत नाही. कलम ६२ मुळे हक्कधारक स्वतः जिथे राहतो वा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा-सांगलीच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. तीन लाखांहून अधिक मूल्याचा असा वाद व्यावसायिक न्यायालयाकडे जातो आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते.

नावातल्या वेलांटीची गोष्ट मात्र ट्रेडमार्कच्या कायद्यातली, आणि भाषेच्या माणसाला हा भाग अधिक रुचावा. सर्वोच्च न्यायालयापुढे साठच्या दशकाच्या प्रारंभी ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा वाद आला होता. अमृताची धारा वेगळी आणि लक्ष्मणाची धारा वेगळी, हे व्युत्पत्तीने कोणीही सांगेल. न्यायालयाने म्हटले ते असे की, सामान्य ग्राहक शब्दाची फोड करीत बसत नाही. त्याच्या अर्धवट आठवणीत नादाने जे राहते त्यावरून तो वस्तू ओळखतो, आणि त्या नादात ही दोन नावे एकमेकांत मिसळतात. (तरीही त्या प्रकरणातील विशेष परिस्थितीमुळे ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती नोंदणी मिळाली.) आम्ही प्रश्नपत्रिकेत वेलांटीचा अर्धा गुण कापतो, न्यायालय म्हणते, कानाला वेलांटी ऐकू येत नाही. व्याकरणाच्या आणि बाजाराच्या या दोन न्यायांत ट्रेडमार्कपुरता बाजाराचा न्याय योग्य आहे, हे आम्ही मान्य करतो. नाव नोंदलेले नसले तरी ‘आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणे’ या जुन्या तत्त्वावर दावा चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात हेच तत्त्व महाजालावरील संकेतस्थळाच्या नावालाही लावले.

नावाच्या मालकीचे सर्वांत बोलके उदाहरण तर आमच्या अंगणातले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि त्या माळाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. पुढे मासिकाचेही नाव तेच झाले. ‘किर्लोस्कर’ हे एका घराण्याचे आडनाव, पण ते व्यापारचिन्हही. नव्वदच्या दशकात त्या नावाच्या वापरावरून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. कंपनीच्या नावात ‘किर्लोस्कर’ घालण्यास मनाई कायम करताना, माणसाला स्वतःचे नाव वापरण्याची जी मुभा कायदा देतो ती कंपनीला, म्हणजे आपले नाव स्वतः निवडणाऱ्या कृत्रिम व्यक्तीला, तशी मिळत नाही, असा विचार न्यायालयाने मांडला. आडनाव वारशाने मिळते, नावलौकिक तसा मिळतोच असे नाही.

इथवर लिहिल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप नोंदविलाच पाहिजे. ते म्हणाले, “तुकोबांनी कुठे हक्क राखून ठेवले होते? ज्ञान वाटायचे असते.” हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. अभंग वाटायचाच असतो. पण त्याच्या शेवटी ‘तुका म्हणे’ ही मुद्रा असते. सालोमालो तुकोबांच्या अभंगांत स्वतःची मुद्रा घालून कीर्तने करीत असे, असे परंपरा सांगते, आणि तुकोबांनी त्याला अभंगांतून चांगलेच फटकारले आहे. उलट बाजूने, ‘तुका म्हणे’ ही मुद्रा लावून इतरांनी रचलेले अभंगही गाथ्यांत शिरले आणि १८६९ च्या सरकारी आवृत्तीपासून संपादकांना ते निवडीत बसावे लागले. पहिला प्रकार म्हणजे दुसऱ्याची कृती आपल्या नावाने खपविणे, दुसरा म्हणजे आपली कृती दुसऱ्याच्या नावाने. कॉपीराइट आणि ट्रेडमार्क यांची अगदी ढोबळ फोड करायची तर हीच. आपल्या परंपरेला मालकी नको होती हे खरे; मुद्रा नको होती असे कोणी म्हणू नये.

पण हे सांगण्याचा नैतिक अधिकार आम्हांला आहे काय? आता आमच्याच घरची गोष्ट. आमच्या विभागाचा वार्षिक अंक कित्येक वर्षे ज्या मराठी फाँटमध्ये जुळविला गेला, तो फाँट आणि त्याचे सॉफ्टवेअर विकत घेतलेले नव्हते. डीटीपीवाल्याने पेनड्राइव्हवरून दिलेली, डोंगलशिवाय चालणारी ती प्रत होती. त्याच अंकात ‘वाङ्मयचौर्य : एक चिंतन’ असा लेख छापताना आमच्यापैकी कोणाला काही खटकले नाही. फाँटही आज्ञावलीच आहे. नुसत्या अक्षरवळणाला आपल्या कायद्यात फार तर डिझाइन म्हणून नोंदणीने मर्यादित काळाचे संरक्षण मिळते, पण फाँटची फाइल आज्ञावली म्हणून साहित्यकृती ठरते. र. कृ. जोशी हे मराठी कवी. त्यांनी घडविलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० पासून लाखो संगणकांवर पोचला. त्यांची कविता क्रमिक पुस्तकात घेताना आपण परवानगीचा विचार करतो. अक्षरे घडविणाऱ्या इतरांचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

मग एका फाँट-कंपनीच्या वतीने एका वकिलाचे पत्र आले. त्यात मोठी रक्कम, सात दिवसांची मुदत आणि फौजदारीची भाषा होती. कार्यालयात घबराट उडाली, पैसे भरून मोकळे व्हावे असा सूर निघाला. तेव्हा आमच्या वकील मित्रांनी कलम ६० दाखविले : कॉपीराइटच्या नावाने निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध, धमकी मिळालेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊन मनाई आणि भरपाई मागू शकतो, धमकी देणाऱ्याने रीतसर दावा लावला तर मात्र हा उपाय उरत नाही. ट्रेडमार्क कायद्यात कलम १४२ असेच आहे. आमच्या बाबतीत धमकी सर्वस्वी निराधार नव्हती, हे आम्ही जाणून होतो. म्हणून आम्ही न्यायालयात गेलो नाही. पण रकमेचा हिशेब मागितला, अंकाच्या वापरापुरते योग्य शुल्क भरले आणि तो फाँट सगळ्या संगणकांवरून काढला. छोट्या संस्थांनी घाबरून मागितली ती रक्कम देऊ नये, यासाठी हे लिहीत आहोत. आणि चोरी झालीच नव्हती असेही म्हणू नये, यासाठीही.

आज तर सबब उरलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ आहेत, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ आहे, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आहे. मुक्त परवान्याचे हे युनिकोड फाँट आपल्या अंकाला पुरून उरतील. मात्र एक खरी अडचण आहे आणि तिच्याविषयी मराठीच्या प्राध्यापकांनी बोलले पाहिजे. नव्वदच्या दशकापासून जुळविलेले आपले हजारो लेख, प्रबंध, अंक त्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांच्या खाजगी संकेतांत अडकून पडले आहेत. फाँट काढला की मजकूर वाचता येत नाही. मजकूर आमचा, कुलूप दुसऱ्याचे. कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला आज्ञावलीचे कार्य अभ्यासण्याची आणि दुसऱ्या आज्ञावलीशी तिचा मेळ घालण्यासाठी आवश्यक माहिती मिळविण्याची मुभा देते. आमच्या मते आपलाच मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरणे या मुभेच्या आत बसतात, आणि विद्यापीठांनी ते काम अंगावर घ्यावे. ज्याच्याकडे कायदेशीर प्रतच कधी नव्हती, त्याच्यासाठी हे दार किती उघडे राहील, याचा निर्णय मात्र कोणा न्यायालयाला द्यावा लागेल.

संपादन करणाऱ्यांसाठी एक निकाल इथे आवर्जून सांगतो. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संपादित करून छापले. इतरांनी त्यावरून सॉफ्टवेअर करून सीडीवर विकले, असा तो वाद. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की निकालांचा मूळ मजकूर सर्वांचा. पण परिच्छेद पाडणे, त्यांना क्रमांक देणे, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणता भिन्नमत हे ठरवून नोंदविणे यांत किमान सर्जक निवड आहे, तेवढा भाग संपादकाचा. नुसते कष्ट पुरेसे नाहीत, निवड हवी. ज्यांनी जुन्या पोथ्या संपादित केल्या आहेत आणि ज्यांची आवृत्ती कोणीतरी प्रस्तावना वगळून छापली आहे, त्यांनी हा निकाल मुळातून वाचावा.

आमच्या विद्यार्थ्याने अखेर दावा लावला नाही. नोटीस गेली, तिला उत्तर आले, मग दोन्हीकडचे वकील आणि एका पतसंस्थेचे वयस्क अध्यक्ष असे बसले. समोरच्याने नाव बदलायचे, ज्या संस्थांत नक्कल बसली आहे तिथे ती चालू द्यायची, त्यांच्या देखभालीतला ठरावीक वाटा दोन वर्षे मूळ कर्त्याला द्यायचा, असा लेखी समझोता झाला. त्याने आता स्वतःच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी मागितली आहे आणि नव्या मदतनिसाला नेमणुकीचे पत्र दिले आहे. त्या पत्राचे मराठी आम्ही तपासले. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याने आम्हांला दाखविली तेव्हा २९ फेब्रुवारीची चूक दुरुस्त झालेली होती. ‘कर्जखातवणी’ मात्र होती तिथेच होती. ती का ठेवली, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “असू दे सर. आणि आजीलाही काढलेलं नाही.”